डाउन सिंड्रोम : शोधाचा आणि उपेक्षेचा इतिहास



वसंतातल्या ह्या व्याख्यानमालेचे निमंत्रण चालकांनी आम्हांस दिले, तेव्हा आम्ही संपाविषयी, पगारवाढीविषयी किंवा फार तर कामगार कायद्याविषयी बोलू, असे त्यांना वाटले असणार. आम्ही विषय कळविला तो वैद्यकाचा. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि ह्या गावच्या नगरवाचनालयाने दिले. तेव्हा ह्या विषयात तोंड घालण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सूतगिरणीच्या रिंग खात्यातला एक कामगार रात्रपाळी उतरून थेट आमच्या कचेरीत आला. बरोबर बायको, आणि तिच्या खांद्यावर सात महिन्यांचे मूल. मुलाचे ओठ निळसर पडले होते. मुलाला डाउन सिंड्रोम आहे व हृदयाला छिद्र आहे, एवढे कागदावर लिहिलेले होते. शस्त्रक्रियेसाठी मोठ्या गावी पाठविण्याची चिठ्ठी हवी होती, ती मिळाली नव्हती. चिठ्ठी देणाऱ्या साहेबांनी विचारले होते, "ह्या पोरावर एवढा खर्च कशाला? ही मुले जगून जगून जगणार किती?" तो कामगार आमच्यासमोर बसला आणि म्हणाला, "अण्णा, चिठ्ठीचं बघू आपण. पण खरंच, किती वर्षं जगतात हो ही पोरं?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. वाटाघाटीला बसताना समोरच्याचा ताळेबंद वाचून जावे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. आणि इथे आमच्यापाशी एक आकडासुद्धा नव्हता. तो आकडा शोधावयास आम्ही निघालो. पुढे असे ध्यानात आले की, हा आकडा प्रत्येक पिढीत बदलत आला आहे, आणि तो का बदलला ह्यातच ह्या विकाराच्या संशोधनाचा सगळा इतिहास आहे. आज तोच इतिहास आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम विकार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्या शरीरातल्या पेशींत गुणसूत्रे असतात. आईबापांकडून आलेल्या वारशाच्या लडी म्हणजे ही गुणसूत्रे. त्यांच्या तेवीस जोड्या, म्हणजे एकूण ४६. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसात एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात; एकूण ४७. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांत असेच घडते. राहिलेल्यांपैकी काहींत ते जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेले असते, तर काहींत ते काही पेशींत असते व काहींत नसते. सुमारे सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल असे जन्मते. बीजपेशी तयार होताना वाटणीत चूक होते आणि एक लड जादा जाते. ह्यात आईने ग्रहण न पाळल्याचा संबंध नाही, बापाच्या व्यसनाचा नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाचाही नाही. आमच्या वस्त्यांतून हे अजूनही सांगावे लागते, म्हणून मुद्दाम सांगितले.

हा विकार नवा नव्हे. आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात पुलनाब्रोन नावाचे अश्मयुगीन दफनस्थान आहे. तेथे पुरलेल्या एका तान्ह्या मुलाच्या अस्थींत हे तिसरे गुणसूत्र सापडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ते मूल पाच हजार वर्षांहून अधिक जुने आहे. त्याला अंगावरचे दूध मिळत होते, हेही अस्थींच्या परीक्षेवरून कळले. आणि समाजाने आपल्या मोठ्यांच्या बरोबरीने त्याला त्या दगडी थडग्यात जागा दिली होती. ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांनी त्याला आपले मानले, एवढे लक्षात ठेवून आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू.

जॉन लँगडन डाउन ह्यांचा जन्म १८२८ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात टॉरपॉइंट येथे झाला. बापाचे किराणा व औषधांचे दुकान. पोरवयात ते त्याच दुकानात राबले, आणि वैद्यकाचे शिक्षण त्यांनी उशिरा घेतले. १८५८ मध्ये ते सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या मोठ्या आश्रमाचे वैद्यकीय अधीक्षक झाले. त्या काळी असे पद चांगल्या डॉक्टराने घ्यावे असे कोणास वाटत नसे. डाउन ह्यांनी तेथे दहा वर्षे काढली. मुलांचे माप घेतले, छायाचित्रे काढली, त्यांना हस्तव्यवसाय शिकविले. एकमेकांशी नाते नसलेली काही मुले सख्ख्या भावंडांसारखी एकसारखी दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १८६६ मध्ये त्यांनी त्यावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला.

निरीक्षण अचूक होते, पण निष्कर्ष साफ चुकीचा. ह्या मुलांचे डोळे व चेहरा पाहून डाउन ह्यांनी असे मांडले की, गोऱ्या आईबापांच्या पोटी मंगोल वंशाची ठेवण उलटून आली आहे. 'मंगोल' हे नाव तेथून पडले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतले गुलामगिरीवरचे यादवी युद्ध तेव्हा नुकतेच संपले होते, आणि काळे-गोरे हे मुळातच वेगळे प्राणी आहेत असे सांगणारे पंडित पुष्कळ होते. डाउन ह्यांचा युक्तिवाद नेमका उलटा होता. एका वंशात दुसऱ्या वंशाची ठेवण दिसू शकते, त्याअर्थी सर्व मानवजात एकच, असे त्यांचे म्हणणे. हेतू चांगला, पुरावा चुकीचा. आणि जगाने उचलले ते तेवढे नाव. १९२४ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टराने ह्याच समजुतीवर एक अख्खा वर्णद्वेषी ग्रंथ रचला.

हे नाव जावयास शंभर वर्षे लागली. १९६१ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात एकोणीस तज्ज्ञांनी सहीनिशी पत्र लिहिले की हा शब्द टाकून द्यावा. त्या सह्यांत डाउन ह्यांच्या नातवाचीही सही होती. पुढे १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत नोंदविली आणि संघटनेने तो शब्द सोडला. आपल्या राष्ट्राचे नाव जगभर मतिमंदत्वाचे नाव म्हणून वापरले जाते, हे त्या लोकांना काय वाटत असेल, ह्याचा विचार शंभर वर्षांत विद्वानांना सुचला नव्हता. हरकत ज्याला लागते त्यालाच घ्यावी लागते, हा चळवळीचा अनुभव विज्ञानातही खरा ठरला.

डाउन ह्यांच्यानंतर लायनेल पेन्रोज ह्यांचे नाव घ्यावे लागते. हे क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात ह्यांनी बंदूक न उचलता रुग्णवाहिकेवर काम केले होते. १९३० च्या दशकात ते कोल्चेस्टर येथील संस्थेत जाऊन बसले आणि तेथल्या १२८० माणसांची एकेक करून तपासणी केली. त्यांच्या घरच्यांचीही माहिती जमविली. ह्या मुलांचे रक्तगट त्यांनी तपासले, तेव्हा ते मंगोलियातल्या लोकांसारखे नसून इतर इंग्रजांसारखेच आहेत असे निघाले. वंशाची कल्पना तेथेच कोसळली. मग १९३३ मध्ये त्यांनी दीडशे कुटुंबांचे आकडे मांडून दाखविले की, ह्या विकाराचा संबंध बापाच्या वयाशी नाही, तर आईच्या वयाशी आहे. आज आपणांस ठाऊक आहे की, विशीतल्या आईला असे मूल होण्याचा संभव सुमारे दीड हजारात एक, तर चाळिशीत तो शंभरात एक असतो. मात्र तरुण मातांची बाळंतपणेच संख्येने अधिक, म्हणून अशी बहुतेक मुले तरुण मातांच्याच पोटी जन्मतात.

त्याच वर्षांत युरोपात दुसरीही मोजणी चालली होती. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनीच्या गृहखात्याने सुइणींना आणि डॉक्टरांना हुकूम पाठविला की, मतिमंद, 'मंगोल' वा व्यंग असलेले मूल दिसल्यास छापील फॉर्म भरून कळवावे. प्रत्येक फॉर्ममागे सुइणीस दोन मार्क मिळत. कळविलेल्या मुलांतून मारावयाची मुले निवडली जात. ह्या योजनेत किमान पाच हजार मुले मारली गेली. आणि मोठ्या माणसांसाठी काढलेल्या दुसऱ्या योजनेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसे विषारी वायूने मारली गेली. पेन्रोज ह्यांची मोजणी आणि ही मोजणी, दोन्ही एकाच काळातल्या. एकाने कारण शोधण्यासाठी मोजले, दुसऱ्याने खर्च वाचविण्यासाठी. "एवढा खर्च कशाला" हा प्रश्न शेवटास कोठे जातो, ते तेथे दिसले. पेन्रोज पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 'सुप्रजनना'च्या अध्यासनावर बसले, आणि त्यांनी खटपट करून १९६३ मध्ये त्या अध्यासनाचे नाव 'मानवी आनुवंशिकी' असे बदलून घेतले.

आता आम्ही ह्या इतिहासातल्या त्या प्रकरणाशी आलो, ज्याने आम्हांस सर्वांत अधिक काळ धरून ठेवले.

गुणसूत्रांत काही दोष असावा असा तर्क वार्डेनबुर्ख ह्या डच डॉक्टराने १९३२ मध्येच केला होता. पण माणसाची गुणसूत्रे ४८ असतात असे सगळे जग तेव्हा धरून चालले होते. १९५५ च्या अखेरीस स्वीडनमध्ये लुंड येथे, जावात जन्मलेल्या ज्यो हिन ट्यो ह्यांना आढळले की ती ४६ आहेत. अल्बर्ट लेव्हान ह्यांच्याबरोबर त्यांनी हे १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ आकडा बरोबर कळल्याशिवाय जादा काय ते कळणार कसे? आता ते कळण्याचा मार्ग मोकळा झाला.

पॅरिसच्या ट्रूसो रुग्णालयात रेमों ट्युर्पँ हे ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली मार्त गोतिए नावाची तरुण डॉक्टर बाई काम करू लागली. जन्म १९२५ चा, शेतकऱ्याच्या घरातली. ती लहान मुलांच्या हृदयविकाराची डॉक्टर. १९५५-५६ मध्ये ती बोस्टनला एक वर्ष राहून आली आणि तेथे पेशींची लागवड करण्याचे तंत्र शिकून आली; फ्रान्समध्ये ते तेव्हा फारसे कोणास येत नव्हते. ह्या मुलांच्या पेशींतली गुणसूत्रे कोणीतरी मोजली पाहिजेत, असे प्राध्यापक म्हणत. बाई म्हणाली, जागा द्या, मी मोजते. जागा मिळाली, पैसा मिळाला नाही. एक मोडकळीला आलेली प्रयोगशाळा, एक शीतकपाट आणि एक साधा सूक्ष्मदर्शक एवढेच भांडवल. काचसामान तिने कर्ज काढून घेतले. पेशी वाढविण्यासाठी लागणारा द्रव मिळावा म्हणून रुग्णालयाच्या आवारात कोंबडा पाळला. रक्तद्रव हवा, तर स्वतःच्या शिरेतून रक्त काढले. दोन सहायिकांना तिने काम शिकविले. आणि १९५८ मध्ये तिच्या काचपट्ट्यांवर दिसले की ह्या मुलांच्या पेशींत गुणसूत्रे ४७ आहेत.

तिच्या सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेता येत नव्हते. त्याच विभागात जेरोम लेजन नावाचे तरुण संशोधक होते. काचपट्ट्या ते दुसऱ्या प्रयोगशाळेत छायाचित्रासाठी घेऊन गेले. ती छायाचित्रे आपणांस दाखविली गेली नाहीत, असे गोतिएबाईंनी पुढे लिहिले. जानेवारी १९५९ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे टिपण आले. त्यावर पहिले नाव लेजन, दुसरे गोतिए, तिसरे ट्युर्पँ. आणि दुसरे नाव तर चुकीचे छापले गेले: मार्तचे 'मारी' झाले आणि आडनावातही एक अक्षर जास्त पडले. त्याच वर्षी एडिंबरोत पॅट्रिशिया जेकब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे तेच आढळले. लेजन ह्यांना पारितोषिके मिळाली, अध्यासन मिळाले. गोतिएबाई ते काम सोडून पुन्हा मुलांच्या हृदयांकडे वळल्या.

लेजन ह्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. त्यांनी पुढे गुणसूत्रांचे आणखीही विकार शोधले, आणि डाउन असलेल्या हजारो मुलांना त्यांनी आयुष्यभर आपुलकीने तपासले. पण पहिल्या शोधाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न मिटला नाही. पन्नास वर्षे गप्प राहिल्यावर २००९ मध्ये गोतिएबाईंनी आपली हकीकत प्रसिद्ध केली. २०१४ च्या जानेवारीत बोर्दो येथे आनुवंशिकीच्या परिषदेत त्यांचे भाषण व सन्मान ठरला होता. लेजन ह्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या मागणीवरून, भाषण नोंदवून घेण्यासाठी, न्यायालयाच्या परवानगीने बेलिफ सभागृहात आले. चालकांनी धास्तीने भाषण रद्द केले, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंस पदक खाजगीत देण्यात आले. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मत दिले की, ह्या शोधात लेजन ह्यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याचा संभव कमी, आणि पेशींच्या लागवडीशिवाय हा शोध लागलाच नसता. गोतिएबाई २०२२ मध्ये वारल्या. आमच्या श्रोत्यांत पुष्कळजण हाताने काम करणारे आहेत. ज्याच्या हाताने माल निघाला त्याचे नाव पेटीवर नसते, ही गोष्ट त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

गुणसूत्र सापडले, कारण कळले. मग मुले अधिक जगू लागली काय? आमच्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर इथे सुरू होते, आणि ते अनपेक्षित आहे.

१९२९ च्या सुमारास डाउन असलेल्या मुलाचे सरासरी आयुष्य नऊ वर्षे धरले जाई. १९४९ मध्ये पेन्रोज ह्यांनी ते बारा वर्षे सांगितले. अमेरिकेत १९८३ मध्ये ते पंचवीस होते आणि १९९७ मध्ये एकोणपन्नास. आज पुढारलेल्या देशांत ते साठीच्या घरात आहे. आता पाहा: १९५९ नंतर चोवीस वर्षे गुणसूत्राचे ज्ञान होते, तरी आकडा पंचविसावर, आणि पुढच्या अवघ्या चौदा वर्षांत तो जवळजवळ दुप्पट झाला. तिसऱ्या गुणसूत्रावर औषध त्या काळात सापडले काय? नाही, ते आजही नाही. मग झाले काय?

झाले ते असे की, इतर मुलांवर जे उपचार आधीपासून होत होते, ते ह्या मुलांवरही होऊ लागले.

ह्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो. त्यांतला विशेष म्हणजे हृदयाच्या चारही कप्प्यांच्या मधोमध पडद्यात राहिलेली फट. ह्या फटीमुळे फुप्फुसांकडे दाबाने जादा रक्त जाते. वर्षभरात फुप्फुसांच्या वाहिन्या कडक होऊ लागतात, आणि एकदा त्या कडक झाल्या की शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. म्हणून ती पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते. ही दुरुस्ती प्रथम केली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय ह्यांनी, १९५४ मध्ये. यंत्र हाताशी नव्हते, म्हणून मुलाचे रक्त आई वा बापाच्या शरीराशी जोडून, त्यांच्या हृदयावर मुलाला जगवीत ते शस्त्रक्रिया करीत. म्हणजे तंत्र होते. परंतु पुढची कित्येक वर्षे डाउन असलेल्या मुलांना अनेक ठिकाणी ही शस्त्रक्रिया नाकारली जाई. कारण तेच: एवढा खर्च कशाला?

एप्रिल १९८२ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन येथे डाउन असलेले एक मूल जन्मले. त्याची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. हा दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. प्रसूती करणाऱ्या डॉक्टराने शस्त्रक्रिया न करण्याचाही मार्ग सांगितला, आईबापांनी तो घेतला, न्यायालयाने त्यांना तो हक्क दिला, आणि सहाव्या दिवशी ते मूल उपासाने गेले. ह्या प्रकरणाने तो देश हादरला. केवळ अपंगत्व आहे म्हणून बालकाचा उपचार अडविणे हा बालकांच्या हेळसांडीचा प्रकार मानावा, असा कायदा तेथे १९८४ मध्ये झाला.

दुसरे कारण कोंडवाड्यांचे. डाउन ह्यांनी व त्यांच्या पत्नी मेरी ह्यांनी १८६८ मध्ये लंडनजवळ टेडिंग्टन येथे नॉर्मन्सफील्ड नावाचे स्वतःचे गृह काढले होते. १८७९ मध्ये तेथे मुलांसाठी नाट्यगृह बांधले गेले. त्याच नॉर्मन्सफील्डमध्ये शंभर वर्षांनी अशी स्थिती आली की, मे १९७६ मध्ये तेथील परिचारिकांनी व परिचारकांनी चक्क संप केला. मागणी पगाराची नव्हती, प्रमुख डॉक्टराच्या कारभाराविरुद्ध होती. सरकारने चौकशी नेमली, आणि १९७८ च्या अहवालात तेथील दुरवस्था उघडी पडली. अहवालाने रुग्णांना सोडून बाहेर पडल्याबद्दल संपवाल्यांनाही दोष दिला, आणि तो दोष आम्ही नाकारीत नाही. रुग्णसेवेतला संप हे दुधारी हत्यार आहे. पण तक्रारी आधी वर पोहोचल्या असत्या, तर ते उचलावे लागले नसते. अशी मोठी गृहे हळूहळू बंद पडली, मुले घरी वाढू लागली, आणि गर्दीतली रोगराई त्यांच्या वाट्याची उरली नाही.

राहिलेले विकार थोडक्यात सांगतो, कारण श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी ते उपयोगी पडेल. थायरॉइड ग्रंथी मंदावणे ह्यांच्यात पुष्कळ. वर्षातून एकदा रक्त तपासले व गोळी दिली की भागते, आणि न तपासल्यास मूल सुस्त पडते व 'बुद्धीच कमी' म्हणून सोडून दिले जाते. तीच गत ऐकण्याची व दिसण्याची. कानात पाणी साठून ऐकू येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू असतो, आणि आपण म्हणतो की मूल शिकत नाही. झोपेत श्वास अडतो. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. रक्ताचा कर्करोग ह्या मुलांत इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक. परंतु ह्यांना विशेषत्वाने होणारा एक प्रकार औषधांना इतरांपेक्षा अधिक चांगला दाद देतो. त्यामागचा जीन-बदल २००२ मध्ये ओळखला गेला. २००० मध्ये एकविसाव्या गुणसूत्राचा संपूर्ण नकाशा जपानी व जर्मन शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला, तेव्हा त्यावर सुमारे २२५ जीन मोजले गेले. एवढ्याशा जादा लडीने शरीरात इतक्या ठिकाणी फरक पडतो.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ह्या माणसांवर खर्च झाला तो किती, हे सारे विचारतात. त्यांच्याकडून जगाला मिळाले काय, हे कोणी विचारीत नाही.

१९६० च्या दशकात फिलाडेल्फियात बरूच ब्लुम्बर्ग हे रक्तातल्या एका अपरिचित घटकाच्या मागे होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात तो प्रथम सापडला होता. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असेल काय, हे पाहावे म्हणून त्यांनी डाउन असलेल्या माणसांचे रक्त तपासले, कारण त्यांना तो कर्करोग अधिक होतो. मोठ्या संस्थेत कोंडलेल्यांच्या रक्तात तो घटक पुष्कळांत सापडला; लहान संस्थांत कमी, घरी राहणाऱ्यांत त्याहून कमी, आणि नवजात बालकांत मुळीच नाही. चाळीत राहिलेल्या माणसास ह्याचा अर्थ लगेच कळेल: हा वारसा नव्हे, हा गर्दीचा संसर्ग. १९६६ मध्ये डाउन असलेल्या एका तरुणाच्या रक्तात तो घटक आधी नव्हता आणि मग आला, आणि पाहतात तो त्याला कावीळ झालेली. तो घटक म्हणजे 'हिपॅटायटिस बी'च्या विषाणूचा अंश होता. त्यावरून रक्तपेढ्यांची चाचणी आली, लस आली, आणि ब्लुम्बर्ग ह्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या गावच्या दवाखान्यात तान्ह्या बाळाला ही लस टोचतात, तेव्हा त्या कोंडलेल्या माणसांचे ऋण आपण घेत असतो.

दुसरे ऋण म्हातारपणाचे. डाउन असलेली माणसे चाळिशी गाठू लागली, तेव्हा त्यांच्यात लवकर येणारा स्मृतिभ्रंश ठळकपणे दिसला. जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी तो १९४८ मध्येच वर्णिला होता. १९८४ मध्ये ग्लेनर व वाँग ह्यांनी दाखविले की, अल्झायमरच्या रोग्यांत आणि डाउन असलेल्यांत साठणारे प्रथिन एकच आहे. आणि १९८७ मध्ये त्या प्रथिनाचा जीन एकविसाव्याच गुणसूत्रावर सापडला. आज अल्झायमरवर जी नवी औषधे अमेरिकेत मंजूर झाली आहेत, ती ह्याच धाग्यावरून आली. आणि ती मंजूर होण्यापूर्वीच्या मोठ्या चाचण्यांत डाउन असलेल्यांना सामील करून घेतले गेले नाही. कापूस ज्याच्या शेतातला, त्यालाच कापड नाही.

गर्भजल परीक्षेविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. १९६८ मध्ये गर्भजलातून ह्या विकाराचे निदान प्रथम झाले. आपल्या देशात १९७५ च्या सुमारास ही परीक्षा आली ती जन्मजात विकार ओळखण्यासाठी. पण लवकरच तिचा उपयोग मुलगी ओळखून पाडण्यासाठी सर्रास होऊ लागला. ह्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला, आणि तो स्त्रियांच्या चळवळीने करावयास लावला. केंद्राचा कायदा १९९४ चा. आता तर आईच्या रक्ताच्या साध्या नमुन्यावरूनही अंदाज घेता येतो. आम्ही कोणा आईवर निर्णय लादू इच्छीत नाही. तिचे ओझे तिलाच ठाऊक. एवढेच म्हणतो की, तिच्यापुढे ठेवलेला आकडा आजचा असावा, १९२९ चा नसावा.

आता आमच्या कामगाराकडे परत येऊ. चिठ्ठीसाठी आम्ही तीन आठवडे हेलपाटे घातले. शेवटी शंभर कामगार शांतपणे त्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसले, तेव्हा ती मिळाली. मोठ्या गावी शस्त्रक्रिया झाली, वेळेत झाली. तो मुलगा आज विशीत आहे. युनियनच्या सभांना सतरंज्या घालणे, पाणी भरून ठेवणे आणि हजेरीच्या वहीवर सह्या घेणे हे काम त्याच्याकडे आहे. सही केल्याशिवाय तो जिल्ह्याच्या पुढाऱ्यालाही आत सोडीत नाही. त्याचा त्याला पगार मिळतो. फुकट राबवून घेणे आमच्या कचेरीत चालत नाही.

तेव्हा असली सोय नव्हती, ती आज कागदावर तरी आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांत डाउन सिंड्रोमही आहे आणि जन्मजात हृदयदोषही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणाचा व नोकरीचा हक्क दिला आहे. पण चिठ्ठी लिहिणारा हात जुनाच आकडा मनात धरून बसला असेल, तर कायदा कपाटात राहतो. म्हणून आपल्या गल्लीत असे मूल जन्मले, तर त्याच्या आईबापांना चार गोष्टी सांगा: पहिल्या महिन्यात हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी थायरॉइड, कान आणि डोळे. आणि कोणी विचारलेच की ही मुले जगून जगून किती जगणार, तर त्याला सांगा: साहेब, ते बरेचसे तुमच्या चिठ्ठीवर अवलंबून आहे.